दही वेगळे पैसे
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : अभ्यासिकेचा जिना, रात्र)

सदाशिव पेठ, पुणे. पावणेअकरा वाजलेत. जिन्यावर चपलांचा ढीग. आत आवाज फक्त पंख्यांचा.

एमपीएससीसाठी गाव सोडून आलेली ही पोरं. वाचतो, पण डोक्यात राहत नाही, ही इथली रोजची तक्रार. घरचे मोबाईलला दोष देतात. मोबाईल आहेच, जागरणही आहे, एखाद्याचं थायरॉईडही असेल. आम्ही मात्र कॅमेरा ताटावर नेला.

(दृश्य : मेस, ताट जवळून)

तीन चपात्या, बटाट्याचा रस्सा, पातळ वरण, भात. पोट भरतं. पण यातल्या कशातच बी-ट्वेल्व्ह नाही. ते कमी पडलं की नसांवर परिणाम होतो, वाचलेलं लक्षात राहणंही अवघड होऊ शकतं. हे जीवनसत्त्व तयार करतात जिवाणू, आणि आपल्याला ते मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटणातून. पोटातलं आम्ल ते अन्नातून सुटं करतं. मग जठरातच तयार झालेलं एक प्रथिन त्याला बोट धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत नेतं. तिथून ते रक्तात, आणि उरलेलं यकृतात. साठा भरलेला असेल तर काही वर्षं निघतात. म्हणून घर सुटल्यावर लगेच काही जाणवत नाही. जाणवतं ते दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टला.

अर्थात, साठा भरलेला असेल तर! पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त जणींमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी होतं.

(दृश्य : चहाची टपरी)

रात्री बाराचा कटिंग, रिकाम्या पोटी. मग जळजळ, मग ॲसिडिटीची गोळी. गोळी आम्लच कमी करते. ती वर्षानुवर्षं चालू राहिली, तर अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटं होणार कसं? शिवाय जेवणावरच चहा घेतला की लोहही नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ : महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय.

(दृश्य : लॅब, रक्ताच्या नळ्या)

हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून सुटलो, असं नाही. बी-ट्वेल्व्हची तपासणी वेगळी सांगावी लागते. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

(दृश्य : मेसचा फळा, सकाळ)

आज मटकीची उसळ, चपाती, भात. खाली बारीक अक्षरात : दही वेगळे पैसे.