सूर्याकडे पाठ करून: तापीच्या खोऱ्यातलं आभाळ

(जळगावात हौशी छायाचित्रकारांसमोर सप्टेंबरअखेरीस दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

आभाळाचे फोटो काढायचे तर कुठेतरी लांब जायला हवं, असं आपल्याकडे पुष्कळांनी धरून ठेवलंय. कोकणात जा, महाबळेश्वरला जा, जमलं तर थेट लडाख गाठा. मला आज याच्या उलट सांगायचंय. आभाळ टिपायला खान्देशासारखी जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल, आणि त्याचं कारण आपल्या जमिनीच्या ठेवणीत आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी तापी. सूर्य ज्या अंगाने उगवतो आणि ज्या अंगाला मावळतो, त्याच रेषेत आपलं खोरं लांबवर पसरलंय. मध्ये कपाशीची आणि केळीची सपाट वावरं, क्षितिज अगदी खाली. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. नदी जिथे सरळ पश्चिमेला वाहते अशा एखाद्या पुलावर त्या दिवसांत उभे राहा, सूर्य पात्रातच उतरताना दिसेल. जूनअखेरीला तोच सूर्य पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. हे २५ अंश लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

निसर्गातला अवचित क्षण म्हटलं की लोकांना आधी इंद्रधनुष्य आठवतं. दिसलं तर नशीब, नाही तर नाही. माझं म्हणणं असं, की इंद्रधनुष्य हे आभाळातलं सगळ्यात नियमाने वागणारं दृश्य आहे. ते नेहमी सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पडतं. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या बिंदूभोवती ४२ अंश त्रिज्येचं वर्तुळ. म्हणून सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसूच शकत नाही. सध्याच्या दिवसांत, सप्टेंबरअखेर, जळगावात दुपारी सव्वातीनच्या सुमाराला सूर्य त्या उंचीखाली येतो. त्याआधी पाऊस-उन्हाचा कितीही खेळ चालू दे, धनुष्य शोधत बसू नका. सूर्य जसजसा खाली जाईल तसतशी कमान वर चढत जाते, आणि मावळतीच्या क्षणी पूर्ण अर्धवर्तुळ मिळतं.

आता हे आपल्या खोऱ्याला लावून बघा. जून-जुलैच्या संध्याकाळी सूर्य त्या २५ अंशांनी वायव्येकडे झुकलेला असतो, म्हणजे धनुष्याचा मध्य आग्नेयेकडे सरकतो. त्या दिवसांत ते अजिंठ्याच्या रांगेवर उभं राहणार. सातपुड्यावर इंद्रधनुष्य हवं म्हणून कोणी जुलैच्या संध्याकाळी उत्तरेला तोंड करून थांबला असेल, तर त्याला ते मिळणार नाही. पण आत्ता, सप्टेंबरच्या शेवटी, सूर्य नेमका पश्चिमेला आहे. धनुष्याचा मध्य नेमका पूर्वेला. मावळतीला त्याचा डावा पाय ईशान्येला आणि उजवा आग्नेयेला टेकतो. तापीकाठी, खोऱ्याच्या मध्यावर उभे असाल तर एक पाय सातपुड्याच्या बाजूला, दुसरा अजिंठ्याच्या बाजूला. अख्खं खान्देश त्या एका कमानीखाली. ही चौकट वर्षातून दोनदाच जुळते, आणि मार्चमध्ये पाऊस नसतो. म्हणून ती सप्टेंबरअखेरीची.

एवढी कमान एका फोटोत बसवायला किती रुंद भिंग लागतं? एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत ८४ अंश. मिलिमीटर जितके कमी, तितकं भिंग रुंद. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरचं भिंग आडवं धरलं तरी पुरत नाही, १८ किंवा १६ लागतं. नसेल तर कॅमेरा उभा धरून चार-पाच फोटो घ्या आणि जोडा. पोलरायझर फिल्टर लावत असाल तर सावकाश फिरवा. धनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, आणि हा फिल्टर ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडतो. फिल्टर एका बाजूला फिरवला की कमानीच्या एका भागाचे रंग उठून येतात, ९० अंश फिरवला की तोच भाग जवळजवळ पुसला जातो. आणि मुख्य धनुष्याच्या बाहेर, साधारण ५१ अंशांवर, दुसरं फिकट धनुष्य असतं, रंग उलटे. दोघांच्या मधला आभाळाचा पट्टा बाकीच्यापेक्षा गडद दिसतो. तो एडिटिंग करताना उजळू नका. ती चूक नाही, आभाळच तसं असतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, हे मोबाइलवर जमेल का? जमेल. फोनमधल्या सर्वांत रुंद भिंगात अख्खी कमान बहुतेक मावते. स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, लॉक होईल, मग ते थोडं खाली ओढा. काळी जमीन आणि काळा ढग दिसला की फोनला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळं उजळून टाकतो. वादळाचा रंग तिथेच जातो.

आपले आजोबा-पणजोबा पावसाळा महिन्यांनी मोजत नव्हते, नक्षत्रांनी मोजत होते. मला फोटोसाठी तीच मोजणी जास्त उपयोगी वाटते, कारण प्रत्येक नक्षत्राचं आभाळ वेगळं असतं.

मे महिन्यात, रोहिणीच्या आगेमागे, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो. सकाळ कोरडी, दुपारी वावरात वावटळी फिरतात, आणि चारनंतर एकाएकी ढग उभा राहतो. हा ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जाऊ शकतो. वर जाऊन तो सपाट पसरतो, ऐरणीसारखा. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत शिरतो आणि जमिनीवर पोचायच्या आत विरून जातो. लांबून पाहिलं तर ढगाखाली राखाडी पडदे लोंबताना दिसतात, पण खाली थेंब नाही. पाऊस विरतो तेव्हा ती हवा गार आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. आपल्याला आधी धुळीची भिंत दिसते, मग गार वारा लागतो, मग पाऊस. धूळ दिसल्यापासून ती अंगावर येईपर्यंत हाताशी काही मिनिटंच असतात. धुळीमागे सूर्य असेल तर अख्खं आभाळ तांबूस होतं. त्या वेळी भिंग बदलायला कॅमेरा उघडू नका, आधीच ठरवून ठेवा.

मृगाचं आभाळ घाईचं. आर्द्रा-पुनर्वसूमध्ये पश्चिमेला बहुधा ढगांची सलग फळी असते. सूर्य तिच्यामागे कधी गेला ते कळत नाही, संध्याकाळचे रंग क्वचित मिळतात. तेव्हा घाटात जा. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट किंवा पाटणादेवीच्या वरचे डोंगर. तिथून उत्तरेला पाहिलं की गिरणेचं खोरं पायाखाली पसरलेलं असतं आणि ढग त्यावर सावल्या टाकत जातात. नंदुरबारकडची मंडळी तोरणमाळला जातातच, त्यांना मी वेगळं काय सांगू. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचं मात्र सांगेन. मागे काळा ढग आणि पुढे, समोरून ऊन पडलेली पांढरी पाती, असं दृश्य तिथे श्रावणात मिळू शकतं. फक्त ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं.

आणि मग हस्त, ज्याला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो. २७ सप्टेंबरच्या सुमाराला लागतो, म्हणजे आताच. सकाळ लख्ख, पावसाने धुतलेली हवा, सातपुड्याच्या घड्या स्पष्ट मोजता याव्यात इतकी स्वच्छ. दुपारनंतर ढग चढतात. परतीच्या या पावसात ते बहुधा पूर्वेच्या अंगाने सरकत येतात, आणि पश्चिम उघडी असते. म्हणजे काळा ढग तुमच्या समोर आणि सूर्य तुमच्या पाठीशी. जून-जुलैत पाऊस निघून गेल्यावर धनुष्य दिसतं, हस्तात ते पाऊस अंगावर येण्याआधी दिसतं. आडोसा जवळ ठेवून उभे राहा.

वीज. इथे मी थोडा कडक होणार आहे. ट्रायपॉड घेऊन मोकळ्या वावरात उभं राहणं म्हणजे त्या परिसरात सगळ्यात उंच वस्तू आपण होणं. एकट्या बाभळीखाली, निंबाखाली थांबणं त्याहून वाईट. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. हे अंतर १० किलोमीटरच्या आत आलं, म्हणजे सेकंद तिसाच्या आत आले, की कॅमेरा आहे तिथे सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप केलंय, ते फोनमध्ये असू द्या.

विजेचा चांगला फोटो तसाही लांबूनच मिळतो. रात्री सातपुड्यापलीकडे, पार मध्य प्रदेशात ढग फुटत असतो, आवाज येत नाही, फक्त लखलख दिसते. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे ऐकू येत नाही, पण एवढ्या उंच ढगाचा उजेड शंभर-दीडशे किलोमीटरवरून दिसू शकतो. घराच्या जिन्यावर, छपराखाली ट्रायपॉड लावा. फोकस हाताने अनंतावर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० किंवा २००, भिंगाचं छिद्र एफ-८च्या आसपास, आणि १५ ते ३० सेकंदांचे फोटो एकामागून एक चालू ठेवा. वीज बघून बटण दाबायचं नसतं. शटर आधीपासून उघडं असतं, आणि वीज त्यात येते. १८८२ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज या छायाचित्रकाराने विजेचा फोटो घेतला, तोही रात्री. रात्र असली की शटर उघडं ठेवून वाट पाहता येते.

सूर्यास्ताबद्दल थोडक्यात. सूर्य बुडाला की लोक गाड्या सुरू करतात. उंचावरच्या ढगांच्या पोटाला खालून रंग चढतो तो त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. त्या वेळी एकदा मागे वळून पूर्वेकडेही पाहा. क्षितिजाजवळ निळसर करडा पट्टा वर चढत असतो आणि त्यावर गुलाबी झाक. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली.

आपल्या खान्देशातले मोठे छायाचित्रकार केकी मूस, १९१२ ते १९८९. चाळीसगावात राहिले, अनेक दशकं घराबाहेर फारसे पडले नाहीत. टेबलावर लहानलहान वस्तू मांडायच्या, दिवा कुठे ठेवायचा ते ठरवायचं, सावली हवी तेवढीच पाडायची, आणि त्यातून दृश्य उभं करायचं. त्यांच्या चित्रात एक काडीही आपसूक पडलेली नाही. आपण आज ज्याबद्दल बोलतोय ते अगदी दुसऱ्या टोकाचं काम: आपल्या हातात दिवा नाही, सावली नाही, काडीही नाही. तरी मी नव्या मुलांना चाळीसगावला त्यांचं कलादालन बघायला पाठवतो. उजेड कुठून येतो आणि वस्तूवर काय करतो, हे त्या खोलीत जितकं कळतं तितकं उघड्यावर कळायला फार वेळ लागतो. तिथे डोळा तयार झालेला माणूस आभाळाखाली आला की त्याला क्षण येण्याआधी दिसायला लागतो.

उदाहरण देतो. हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यावर काळा ढग चढलाय, पश्चिमेकडून तिरपं ऊन आलंय. त्या उन्हात बगळ्यांचा थवा उडाला तर तो ढगावर पांढरा शुभ्र चमकणार. थवा उडेल की नाही हे माझ्या हातात नाही. पण उडाला तर कुठे चमकेल, शटर किती वेगाचं हवं, पांढरा जळू नये म्हणून एक्स्पोजर किती खाली हवं, हे आधी ठरवता येतं. हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचंही तसंच. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर येण्याआधी त्यांचे थवे आभाळात वळसे घेतात, आणि सहसा रोज त्याच जागी येतात. मुक्काम हेरून ठेवा आणि रंगीत आभाळाची संध्याकाळ येईपर्यंत तिथे जात राहा. त्यांना हुसकावून उडवू नका. रात्रीची जागा मोडली तर ती पाखरं दुसरीकडे निघून जातात.

आता एक गोष्ट मला मनापासून बोलायचीय. हल्ली फोनमध्ये एका बोटाने आभाळ बदलता येतं. वावर जामनेरचं आणि ढग कुठल्यातरी परक्या देशातले. मला हे मान्य नाही. मेच्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात. घड लागलेली झाडं, वर्षभराचा पैसा, अर्ध्या तासात मातीत. त्या दिवशी तुम्ही टिपलेलं आभाळ हा त्या शिवारावरून काय गेलं याचा पुरावा असतो. पीक विम्यासाठी अशा नुकसानीची सूचना ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, आणि त्या धांदलीत शेतकऱ्याकडे बऱ्याचदा धड फोटो नसतो. तुमच्याकडे असतो. ज्या ढगाच्या फोटोला तुम्हाला शाबासकी मिळणार आहे, तो ज्याच्या बांधावर उभं राहून काढला, त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन भेटा. त्याला विचारून पडलेल्या बागेचेही फोटो काढा, साधे, सरळ उजेडातले, आणि मूळ फाइल त्याच्या फोनवर पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण फाइलमध्ये टिकून राहतं. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू असायला हवं, आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर. इथे ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत त्यांनी ते आत्ता काढा आणि तारीख तपासा. मी थांबतो तेवढा वेळ.