आसाहारा आणि शेवटचा टप्पा

श्रोतेहो, नमस्कार.

शंभर मीटरची शर्यत दहा सेकंदांच्या आत पळणे, ही जपानी धावपटूंची अनेक वर्षांची आस होती. नोबुहारू आसाहारा त्या वेशीपाशी पोहोचले आणि तिथेच अडले. तरीही ऑलिंपिकचे पदक त्यांना मिळाले. ते कसे, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

१९७२ साली कोबे शहरात जन्मलेले आसाहारा शाळेत आधी हँडबॉल खेळत, नंतर लांब उडीकडे वळले आणि त्यात ८.१३ मीटरपर्यंत गेले. दोशिशा विद्यापीठात शिकत असताना, १९९३ मध्ये, त्यांनी शंभर मीटर १०.१९ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला आणि उडी मारणारा हा मुलगा देशाचा सर्वांत वेगवान धावपटू ठरला. पुढे ओसाका गॅस कंपनीतली नोकरी, जर्मनीतला सराव, १९९७ मध्ये १०.०८ आणि २००१ मध्ये ऑस्लोला १०.०२. यापेक्षा कमी वेळ त्यांना कधीच देता आली नाही.

रिलेचे, म्हणजे चौघांनी शंभर-शंभर मीटर पळत बॅटन नावाची छोटी नळी एकमेकांच्या हाती देण्याच्या शर्यतीचे, गणित मात्र निराळे असते. त्यात चौघांच्या वेगाइतकेच महत्त्व बॅटनच्या तीन हस्तांतरणांना असते, आणि जपानने याच कामावर मेहनत घेतली. बहुतेक संघांत बॅटन घेणारा हात मागे उंच ताणून तळवा वर करतो आणि देणारा बॅटन वरून ठेवतो. जपानी संघाने २००१ पासून खालून देण्याची पद्धत स्वीकारली. हिच्यात घेणाऱ्याचा हात कमरेच्या जवळच, तळवा जमिनीकडे असा राहतो आणि बॅटन खालून वर येऊन त्याच्या मुठीत बसते. हात लांब ताणल्याने मिळणारे थोडेसे अंतर यात गमवावे लागते. पण घेणाऱ्याची धावण्याची ढब मोडत नाही आणि त्याला जवळजवळ पूर्ण वेग घेता येतो. दोघांना एकमेकांच्या अगदी जवळ यावे लागते, त्यामुळे चुकीला जागाही कमीच उरते. मला तरी या पद्धतीत हुशारीपेक्षा धाडस अधिक दिसते.

२००४ मध्ये अथेन्सला हा संघ चौथा आला. २००७ मध्ये ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत ३८.०३ सेकंदांचा आशियाई विक्रम करूनही तो पाचवाच राहिला.

मग २००८ चे बीजिंग. प्राथमिक फेरीतच अमेरिकेची बॅटन खाली पडली आणि ब्रिटनही बाद झाले. २२ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत त्सुकाहारा, सुएत्सुगु आणि ताकाहिरा यांच्यानंतर शेवटचा टप्पा छत्तिशीतल्या आसाहारांकडे आला. ३८.१५ सेकंदांत जपान तिसरा, ब्राझील नऊ शतांश सेकंदांनी मागे. निकाल कळताच आसाहारांनी हातातली बॅटन आकाशात उंच भिरकावली. ऑलिंपिकमध्ये धावमार्गावरच्या शर्यतीत जपानी पुरुषांना मिळालेले हे पहिलेच पदक होते. महिलांमध्ये किनुए हितोमी यांनी १९२८ साली आठशे मीटरमध्ये रौप्य मिळवले होते.

सप्टेंबरमध्ये आसाहारा निवृत्त झाले. शर्यतीचा निकाल मात्र अजून पक्का व्हायचा होता. पहिल्या आलेल्या जमैकाच्या नेस्टा कार्टर यांच्या जुन्या नमुन्याची पुन्हा तपासणी झाली, त्यात बंदी असलेले द्रव्य सापडले आणि जानेवारी २०१७ मध्ये जमैकाचे सुवर्ण काढून घेण्यात आले. कार्टर यांचे अपील २०१८ मध्ये फेटाळले गेले. त्रिनिदाद आणि टोबॅगो पहिला ठरला आणि दहा वर्षांपूर्वी धावणे थांबवलेल्या आसाहारांचे कांस्यपदक रौप्य झाले.