गाढवाचा दगड

संग्रहालयात नोकरी करणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो: तुमची सगळ्यात आवडती वस्तू कोणती? विचारणाऱ्याला वाटतं, ही आता एखादी देखणी मूर्ती सांगणार. आमच्या जतन विभागातल्या बाईंचा जीव एका पोथीच्या विटक्या बासनात अडकलाय. एका सुरक्षारक्षकाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आवडतात. त्यातली माणसं निदान काहीतरी करताना दिसतात, म्हणतो. माझं उत्तर ऐकून मात्र घरचेसुद्धा हसतात. मला गद्धेगाळ आवडतो, म्हणजे जमिनीचं दान मोडणाऱ्याला शाप देणारा, गाढव कोरलेला दगड.

तुम्ही ठाणेकर, म्हणजे कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या श्रीस्थानकाचे. इथे शिलाहार म्हटलं की ताम्रपट आठवणारच. १७८७ साली ठाण्यातच पाया खणताना अरिकेसरी राजाचा शके ९३९चा, म्हणजे १०१७ सालचा ताम्रपट मिळाला. ताम्रपट हा जमीन दान घेणाऱ्याचा सातबारा. घरात जपायचा, तंटा झाला की बाहेर काढायचा. पण तो संस्कृतात. जमीन ज्या गावची, तिथल्या कुळाला, गुराख्याला काय कळणार?

त्यांच्यासाठी हा दगड. वर चंद्र-सूर्य; ते आहेत तोवर दान चालायचं. मधे लेख. खाली गाढव आणि बाई. चित्र इतकं उघडं, की दान मोडणाऱ्याला आईवरून कसली शिवी दिलीय हे अक्षरशत्रूलाही समजावं. परळला अपरादित्य राजाचा शके ११०८चा शिलालेख सापडला, त्यात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शाप मराठीत. दान देववाणीत दिलं तरी चालतं, दम मात्र समोरच्याच्या बोलीतच द्यावा लागतो!

शाळेची सहल आली की शिक्षक मुलांना या दगडापुढून घाईघाईने पुढे काढतात. मी मोठ्या मुलामुलींना थांबवते आणि काय कोरलंय ते साध्या शब्दांत सांगते. एकदा एका मुलीने विचारलं, "पण जमीन तर त्याने लाटली, मग त्याच्या आईला का?" यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. राजसत्तेने बाईच्या अब्रूची धमकी देऊन जमिनी राखल्या, हे त्या दगडावरच लिहिलंय. ते झाकायचं असेल तर तो मांडायचा तरी कशाला?

असे दगड कोकणात अजून शेताच्या बांधावर, देवळांबाहेर उभे आहेत. काहींना शेंदूर फासून पुजतात, काही अशुभ समजून उपडे घातलेले असतात. कुठे दिसलाच, तर शेंदूर खरवडायला जाऊ नका. त्याबरोबर झिजलेली अक्षरंही जातात. उचलून सोसायटीच्या बागेत तर मुळीच आणू नका, कारण हा दगड जागेबद्दल बोलतो आणि जागा सुटली की अर्धा लेख गेला. फोटो काढा, ठिकाण लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. पूजा चालू असेल तर चालू द्या.