वीस मिलिवॅटची गिटार

नमस्कार. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना आठवत असेल की बटण फिरवल्यावर लगेच काही ऐकू यायचं नाही. व्हॉल्व्ह, म्हणजे आवाजाचा सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, तापायचे, मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसायचा आणि मग आवाज हळूहळू वर यायचा. आज इथे ठेवलेल्या ॲम्पमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या या पेटीत, ईएल ८४ नावाचे दोन व्हॉल्व्ह आहेत. त्या काळच्या कितीतरी रेडिओंमध्ये हाच व्हॉल्व्ह होता, आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीचे एसी १५ आणि एसी ३० हे ॲम्प याच व्हॉल्व्हवर नावारूपाला आले.

मुलं मला विचारतात, "सर, घरी वाजवताना ॲम्पचा जीवच जातो. कमी वॅटचा घेऊ का?" मला हा उपाय पटत नाही. का पटत नाही, ते आधी आकड्यांत बघू.

गिटारच्या १२ इंची स्पीकरला १ वॅट दिला, तर एक मीटरवर साधारण ९७ डेसिबल आवाज होतो. घरात आपल्याला ८० च्या वर जायचं नसतं. म्हणजे १७ डेसिबल कमी, म्हणजे वॅटचा पन्नासावा हिस्सा. वीस मिलिवॅट! ५० वॅटचा ॲम्प असो, नाहीतर एकाच ६व्ही६ व्हॉल्व्हवर चालणारा ५ वॅटचा फेंडर चँप असो, वन बीएचकेमध्ये दोघंही वीस मिलिवॅटवरच चालणार. शिवाय ५० चे ५ वॅट केले तर फरक फक्त १० डेसिबलचा, कानाला आवाज जेमतेम निम्मा वाटतो. पूर्ण उघडलेला चँप शेजाऱ्यांना ऐकवण्याजोगा नसतो, हे ज्याने तो उघडलाय त्याला माहीत आहे.

आता बघा, आवाज फाटतो कुठे? (आपल्याला तो फाटायलाच हवा असतो, पण गोड फाटायला हवा.) आधी पुढचे छोटे १२एएक्स७ व्हॉल्व्ह, मग सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करणारा फेज इन्व्हर्टर, मग स्पीकरला ताकद देणारे पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकरचा पडदा. रंगमंचावर हे सगळे एकदम कामाला लागतात. वीस मिलिवॅटला मागचे तिघं झोपलेले असतात. त्यांना जागं करायच्या नादात आपण नवनवीन ॲम्प विकत घेत बसतो. माझं म्हणणं एवढंच, की घरात टोन पुढच्या टप्प्यात, म्हणजे १२एएक्स७ मध्ये, शिजवायचा आणि कानाच्या हिशेबाने वाढायचा.

पुढच्या टप्प्यातली एक गोष्ट मी जवळून दाखवतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. बऱ्याच ॲम्पमध्ये व्हॉल्यूमच्या नॉबला एक बारका कपॅसिटर जोडलेला असतो, त्याला ब्राइट कॅप म्हणतात. नॉब खाली असताना वरचे तीक्ष्ण स्वर या कपॅसिटरच्या आडवाटेने पुढे निसटतात, बाकीचे मागेच राहतात. नॉब वर नेला की ही आडवाट निरुपयोगी होते. मार्शलच्या सुपर लीडमध्ये हा कपॅसिटर चक्क ५००० पिकोफॅरडचा असायचा. तो ॲम्प २ वर ठेवून वाजवला की कानात सुई टोचते, आणि माणूस म्हणतो, ॲम्पच कर्कश आहे. ॲम्पचा काही दोष नाही, तो मोठ्याने वाजण्यासाठी जुळवलेला आहे. म्हणून गेन किंवा पहिला व्हॉल्यूम (पुढच्या टप्प्याचा नॉब) निम्म्यावर न्या आणि आवाज मास्टरवर (त्याच्या पुढे असलेल्या एकूण आवाजाच्या नॉबवर) कमी करा. मास्टर नसेल, पण इफेक्ट्स लूप (पुढच्या टप्प्यानंतर पेडल जोडायची जागा) असेल, तर त्यात व्हॉल्यूम पेडल लावा. कपॅसिटर काढायचाच असेल तर जाणकाराकडून काढून घ्या. आत ४०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून राहतात.

आता कान. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज कमी झाला की कानाला खर्ज सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. तालमीत जुळवलेले टोनचे नॉब घरी तसेच ठेवले तर आवाज पातळ लागणारच. घरच्या आवाजात, घरीच, नव्याने जुळवा. बेस थोडा चढवा, पण बेताने, कारण खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो. ॲम्प फरशीवर ठेवू नका. खुर्चीवर गोधडीची घडी, तिच्यावर ॲम्प, आणि स्पीकरचं तोंड तुमच्या कानाकडे. जमिनीवरचा ॲम्प तुमच्या गुडघ्यांना टोन ऐकवत असतो. एवढ्या एका बदलाने ट्रेबलचा नॉब खाली आणलेली मुलं मी पाहिली आहेत.

ओव्हरड्राइव्ह पेडलचं, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये आवाज फाडायला लावतात त्या डबीचं, थोडक्यात सांगतो. तिच्यावरचा ड्राइव्हचा नॉब जवळजवळ बंद, लेव्हलचा पाऊण. पेडलने स्वतः फाटायचं नाही, १२एएक्स७ ला ढकलायचं.

ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा अटेन्युएटर चांगला आहे, पण ८–१० डेसिबल कमी करेपर्यंतच. त्याहून कमी केलात की कान आणि स्पीकर दोन्ही मंदावतात आणि बोल मात्र त्या डबीला लागतो. ॲम्प, अटेन्युएटर आणि स्पीकर यांचे ओहम जुळलेच पाहिजेत, आठला आठ.

आणि स्पीकर काढून व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नका. कॉलेजात असताना एका रात्री घरचे झोपले म्हणून मी स्पीकरची वायर काढली आणि लाइन आउटला हेडफोन लावून वाजवत बसलो. पुढे लोड, म्हणजे स्पीकर, नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं. खोलीत आधी वार्निश जळल्याचा वास आला, मग आवाज गेला. तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळायला तीन महिने लागले, आणि तेवढे महिने मी न जोडलेली गिटार वाजवली.

चला, व्हॉल्व्ह तापले आहेत. आधी हा ॲम्प जमिनीवर, व्हॉल्यूम २ वर ऐका. मग तोच खुर्चीवर, गेन निम्मा, मास्टर अगदी खाली. मी दोन्ही वेळा एकच ए मेजर वाजवणार आहे.