जामठा: भारी जमिनीवरचं मैदान

[दृश्य: बुटीबोरीकडून नागपूरकडे जाणारा वर्धा रोड. कडेला पऱ्हाटीची वावरं.]

वर्ध्याहून किंवा हिंगणघाटहून येणाऱ्याला विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं हे स्टेडियम नागपूरच्या आधीच लागतं. नाव नागपूरचं असलं तरी गाव जामठा आणि तालुका नागपूर ग्रामीण. 33 एकर जागा, सुमारे 45 हजार प्रेक्षकांची सोय. आराखडा शशी प्रभू यांचा.

[दृश्य: सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान.]

2008 पर्यंत मोठे सामने शहरात, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होत. तिथली पहिली कसोटी 1969 ची. न्यूझीलंडनं आपल्याला 167 धावांनी हरवलं. त्याची परतफेड 1987 च्या विश्वचषकात झाली, तीही याच मैदानावर. चेतन शर्माची हॅटट्रिक, विश्वचषकातली पहिलीच, आणि सुनील गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक एकाच दिवशी पाहायला मिळालं.

नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीनं जामठ्याचा कसोटी हिशेब सुरू झाला. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू जेसन क्रेझाची पहिली, आणि त्यात त्यानं 12 बळी घेतले.

[दृश्य: खेळपट्टी अगदी जवळून. रोलर फिरतो आहे.]

आता खेळपट्टीकडे या. 22 यार्ड लांब, 10 फूट रुंद. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते, हे कास्तकाराला सांगायची गरज नाही. अशा मातीची खेळपट्टी करायची तर आधी भरपूर पाणी द्यायचं, खोलवर मुरू द्यायचं आणि मग वाफशाची वाट पाहायची. अंगठा दाबून बघतात. माती अंगठ्याला चिकटली तर अजून ओल आहे. ठसा उमटला आणि अंगठा स्वच्छ निघाला तर रोलर घालायला हरकत नाही. आधी हलका, मग जड. ओलीवर घाईनं जड रोलर घातला की माती त्याला चिकटून उपटते आणि पुढे लाट चढते. उशीर झाला तर वर कडक पापुद्रा आणि खाली पोकळ. मग एक चेंडू घोट्याला, पुढचा छातीला.

भेग दिसली की टीव्हीवर आरडाओरडा होतो. पण भेग म्हणजे बिघाड नव्हे. मधली ढेपळं जागेवर घट्ट असतील तर फलंदाज दिवसभर खेळतो. गवताची मुळं हीच ढेपळं धरून ठेवतात. गवत फार खरवडलं आणि पाणी लवकर तोडलं की भेगांच्या कडा झडतात, धूळ उडते आणि फिरकीपटूंचं फावतं.

मैदान एकच, पण तयारी बदलली की निकाल किती बदलतो ते पाहा. 2010 मध्ये इथंच दक्षिण आफ्रिकेचा हाशिम आमला नाबाद 253. 2012 मध्ये इंग्लंडविरुद्ध रटाळ, अनिर्णित पाच दिवस. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिका 79 धावांत गारद, सामना तिसऱ्याच दिवशी संपला आणि आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाही तीन दिवसांत आटोपली, पण तेव्हा शेरा ‘साधारण’. जिंकल्यावर आपण खेळपट्टीबद्दल सहसा बोलत नाही, हेही खरंच.

[दृश्य: पावसानंतरचं आऊटफिल्ड, सुपर सॉपर.]

सप्टेंबर 2022 मध्ये वेगळंच दुखणं निघालं. भारत-ऑस्ट्रेलिया टी-20 चा दिवस, सामन्याच्या वेळी पाऊस नाही, तरी आऊटफिल्ड ओलं. सातचा सामना साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. सुपर सॉपर वरचं पाणी ओढतो. मुळाशी मुरलेलं पाणी त्याच्या हाती लागत नाही. ते वाळूच्या थरातून आणि खालच्या पाइपांतूनच जायला हवं. आधीचे काही दिवस पावसाचे असतील तर हे सगळं आधीच तुडुंब असतं, आणि ऊन नसेल तर सुकायचा दुसरा उपाय नाही.

हिवाळ्यातल्या रात्रीच्या सामन्यात दव पडतं. चेंडू ओला होतो, फिरकीपटूच्या बोटांतून निसटतो. म्हणून नाणेफेक जिंकणारा बहुधा आधी गोलंदाजी घेतो.

[दृश्य: रणजी सामना. मोकळ्या गॅलऱ्या.]

या मैदानाचा विदर्भाला झालेला खरा उपयोग मात्र रणजीत दिसतो. पहिला करंडक 2017-18 चा, तो इंदूरला जिंकला. 2018-19 चा अंतिम सामना इथंच झाला, सौराष्ट्रावर 78 धावांनी मात केली. 2024-25 मध्ये केरळविरुद्धचा अंतिम सामनाही इथंच: विदर्भ 379, केरळ 342. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला, तिथंच पारडं फिरलं. सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा.

[दृश्य: खापरी मेट्रो स्टेशन, सामन्याची संध्याकाळ.]

मोठा सामना असला की वर्धा रोड तुंबतो. शहरातून येणाऱ्यांनी मेट्रोनं खापरीपर्यंत यावं. पुढचे काही किलोमीटर बस किंवा ऑटोचे. सामना सुटल्यावर तेच ऑटो अवाच्या सवा मागतात, म्हणून परतीचं आधीच ठरवून ठेवा. आणि बुटीबोरीकडून येणार असाल तर दुपारीच पोहोचा. संध्याकाळी गर्दी दोन्ही बाजूंनी असते.