कानामागचा कागद

श्रोतेहो, नमस्कार. त्वचेच्या विकारांवर प्रकाशाचे उपचार, हा आजचा विषय. कोड, कातडीवर खवले आणणारा सोरायसिस, त्यासाठीचे दिवे, सगळं सांगायचंय. पण नील्स फिन्सेनचं नाव घेतल्याशिवाय मला या विषयात शिरताच येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हा किस्सा पाठ झालाय. आज तुमची पाळी.

फिन्सेनचा जन्म 1860चा, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा. आइसलंडमध्ये शाळा शिकला, कोपनहेगनमध्ये डॉक्टर झाला. तरुणपणीच त्याला असा आजार जडला की हृदय आणि यकृत हळूहळू निकामी होत गेलं, पोटात पाणी साठायचं. राहायला घर मिळालं ते उत्तरेकडे तोंड असलेलं, उन्हाचा पत्ता नाही. थोडं ऊन मिळालं तर बरं वाटेल, असं त्याला वाटायला लागलं आणि तो प्रकाशाच्या मागेच लागला.

आता माझा आवडता भाग. प्रकाश कातडीत आत शिरतो का? फिन्सेननं काय करावं? माणसाच्या कानाच्या पाळीमागे प्रकाशानं काळा पडणारा फोटोचा कागद धरला आणि पुढून प्रकाश टाकला. पाच मिनिटं झाली, कागद कोराच. मग त्यानं तीच पाळी दोन काचांमध्ये घट्ट दाबली, रक्त बाजूला सरेपर्यंत. वीस सेकंदांत कागद काळा! म्हणजे अडथळा कातडीचा नव्हता, रक्ताचा होता. रक्त सारा, प्रकाश आत जातो. एवढ्याशा प्रयोगासाठी लागलं काय? एक कान, दोन काचा, एक कागद. हल्ली कुठल्याही संशोधनाची सुरुवात अनुदानाच्या अर्जापासून होते, म्हणून मला हा कान फार आवडतो.

त्या काळी युरोपात त्वचेचा क्षय फार. नाक, गाल खाऊन टाकणारा. डॉक्टर तो खरवडायचे, डागायचे. 1895 मध्ये मोगेन्सेन नावाचा रोगी फिन्सेनकडे आला. वर्षानुवर्षं चेहऱ्यावर हा रोग, सगळे उपाय करून थकलेला. कोपनहेगनच्या वीज कंपनीत मोठा कार्बन आर्क दिवा होता, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवणारा प्रखर दिवा. तिथेच, यंत्रांच्या खडखडाटात, उपचार सुरू झाले. रोज बसायचं, चेहऱ्याच्या एका छोट्या भागावर प्रकाश घ्यायचा. काही महिन्यांत चेहरा भरून आला.

पुढच्याच वर्षी फिन्सेनची संस्था उभी राहिली. एका दिव्याभोवती दुर्बिणीसारख्या नळ्या, प्रत्येक नळीखाली एक रोगी, आणि प्रत्येक रोग्याशेजारी एक परिचारिका. तिनं स्फटिकाचं भिंग त्या डागावर दाबून धरायचं. का, ते तुम्हाला आता माहीत आहे. रक्त सारण्यासाठी! दिव्याची धग लागू नये म्हणून मध्ये पाणी खेळवलेलं. इंग्लंडच्या युवराजाची बायको अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची. तिनं 1900 मध्ये हा दिवा लंडनच्या इस्पितळाला मिळवून दिला. माहेरचं न्यायचंच असेल तर असं काही न्यावं. आपण अजून तोळ्यांतच अडकलोय.

1903 चं वैद्यकाचं नोबेल फिन्सेनला मिळालं. आदल्या वर्षी ते मलेरियावरच्या कामासाठी रोनाल्ड रॉसला मिळालं होतं, ते सिकंदराबादेत काम केलेले रॉस. फिन्सेन चाकांच्या खुर्चीत होता, स्टॉकहोमला जाऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी वारला, त्रेचाळिसाव्या वर्षी. आणि गंमत ऐका. अतिनील किरणांनी जंतू मरतात, असं तो समजत होता. शंभर वर्षांनी डेन्मार्कमध्येच त्याची भिंगं तपासली, तर त्यातून सगळ्यात तीव्र अतिनील किरण पलीकडे जातच नव्हते! जंतूंच्या आत पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात, ती प्रकाशानं पेटतात आणि जंतूच मारतात, असा आता अंदाज आहे. कारण वेगळं निघालं, रोगी मात्र बरे झाले होते. आज हा क्षय गोळ्यांनी बरा होतो, दिवा लागत नाही.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो. कोडासाठी आणि सोरायसिससाठी आज सर्वांत जास्त वापरतात ती नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा, साधारण 311 नॅनोमीटरचा. ट्यूबलाइटसारख्या नळ्यांची उभी केबिन असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा उभं राहायचं, सुरुवातीला काही सेकंदच, मग वेळ वाढवत न्यायची. डोळ्यांवर गॉगल हवाच. पुरुषांनी जननेंद्रियं झाकायचीच. फरक दिसायला महिने लागतात. कोडात हातापायांच्या बोटांची टोकं फार हट्टी, चेहरा लवकर साथ देतो.

खिडकीच्या काचेमागचं ऊन मात्र या कामाचं नाही. यूव्हीबी काचेतून येत नाही. परत सांगतो, काचेमागचं ऊन चालत नाही.

दुसरं, बावची. कोडावर बावची आपल्याकडे जुनीच, आणि तिच्यात सोरालेन, म्हणजे कातडीला प्रकाशासाठी हळवी करणारं द्रव्य, आहे हे खरं. पण बावचीचं तेल चोपडून अंदाजानं उन्हात बसाल तर फोड येतील, भाजल्यासारखे. मी असे रोगी पाहतो. बावची आणि ऊन, अंदाजानं कधीही नाही.

आणि कोड स्पर्शानं पसरत नाही. ते लपवून लग्नं जमवणारे आणि 'गोरी हवी' असं छापणारे, दोघांवरही माझा राग आहे. असो, तो आजचा विषय नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या एलईडी मुखवट्यांत लाल-निळा दिसणारा प्रकाश असतो. मुरुमांना थोडा उपयोग होऊ शकतो. कोडाला नाही. आणि एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल, तर त्यावर कुठलाही दिवा धरायचा नाही. आधी निदान, मग दिवा. लिहून ठेवा, आधी निदान, मग दिवा.

केबिनला जाणाऱ्यांनी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी कातडी प्रकाशाला जास्त हळवी होते. आणि मध्ये दोन आठवडे चुकले तर भरपाई म्हणून जास्त वेळ उभं राहू नका. तसं सांगा, डोस कमी करून पुन्हा सुरू करतात. नमस्कार.