अर्ध्या मिलिमीटरची काच

[पहाट, इंदूरचा राजवाडा]

राजवाड्याचे सातही मजले अजून राखाडीच आहेत. पोह्यांच्या गाडीवर वाफ दिसते, हळदीचा रंग मात्र दिसत नाही. थोडा उजेड वाढू द्या... आले पाहा पोहे पिवळे, डाळिंबाचे दाणे लाल. अंधुक उजेडात आपल्याला सांभाळतात त्या डोळ्यातल्या दंडपेशी, त्यांना रंग कळत नाही. उजाडलं की शंकूपेशी काम हाती घेतात.

[रामबाग, घराची खिडकी]

आजी हार ओवायला बसल्या आहेत. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोसाठी, मोगऱ्याचा. सुई हातभर लांब धरलीय, कारण वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं नीट दिसत नाही.

सुईवरून निघालेला उजेड आधी अश्रूंच्या पातळ थरातून जातो आणि मग बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून. हे पारपटल, म्हणजे कॉर्निया.

[दवाखाना, तपासणीचा दिवा]

इथं जरा थांबू. डॉक्टरांनी उजेडाची बारीक फट डोळ्यावर टाकलीय आणि ती बाकदार चकाकती रेघ उठलीय, तेच पारपटल. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कौतुक होतं ते भिंगाचं आणि चष्म्याचं. पण किरण वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. प्राणवायू तो थेट हवेतून, अश्रूंमधून घेतो. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, आणि तो पडद्यात मुरणारं पाणी रात्रंदिवस बाहेर काढत राहतो. या पेशी मेल्या, की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. फार मेल्या, की पारपटल धुरकट होतं, थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरावी तसं.

पुढे बाहुली. दिवा जवळ आणला तशी ती आक्रसली, बघा. तिच्यामागे भिंग, आणि सगळ्यात मागे दृष्टिपटल. तिथं सुईचं चित्र उलटं पडतं. जवळपास बारा कोटी दंडपेशी, साठ लाखांच्या आसपास शंकूपेशी. त्यांच्यात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू असतो, उजेड लागताच तो सरळ होतो. तेवढ्या हालचालीतून विजेचा संदेश उठतो आणि दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, दहा लाखांवर तंतूंमधून निघतो. वाटेत निम्मे तंतू बाजू बदलतात. डोक्याच्या मागच्या भागात संदेश पोचला, की मेंदू त्याचा अर्थ लावतो आणि आजींना सुईचं नेढं दिसतं.

[जुनी छायाचित्रं]

1905 साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी, एदुआर्द झिर्म या डॉक्टरांनी एका मुलाच्या काढाव्या लागलेल्या डोळ्यातलं पारपटल चुन्यानं डोळे गेलेल्या मजुराला बसवलं. त्याला पुन्हा दिसू लागलं. पडद्यात रक्तच नसल्यानं शरीर परक्याचं पारपटलही बऱ्याचदा सामावून घेतं. चष्मा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, डोळे देता येतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा.

[पुन्हा खिडकी]

आजोबांचे डोळे दिले. नेत्रपेढीला फोन आजींनीच केला होता. दोघांना दिसू लागलं.

दोरा नेढ्यातून गेला. पहिली कळी.